बुडबुडा दोन्ही प्लेटवर एकाच जागी आहे

वाचकाचं पत्र, थोडं काटछाट करून:

"मॅडम, सादर नमस्कार. मी तालुक्याच्या गावी सीएचबीवर, म्हणजे तासांवर पगार घेऊन, मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि जोडीला पीएचडी करते. चार महिन्यांत थिसिस सबमिट करायचा आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा पेपर एका जुन्या, चांगल्या संस्थेच्या जर्नलमध्ये आला. मी पहिली लेखिका, गाइड सर करस्पॉन्डिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक), मध्ये माझ्या एका सीनियरचं नाव. एका औषधी वनस्पतीच्या मुळाचा अर्क पानांच्या अर्कापेक्षा जिवाणूंवर जास्त चालतो, असा निष्कर्ष. आता चौथं प्रकरण लिहिताना जुनी एक्सेल शीट वहीशी ताडून पाहिली आणि घाम फुटला. सॉर्ट करताना मी आकड्यांचा एकच कॉलम सिलेक्ट केला होता, नमुन्यांच्या नावांचा कॉलम जागच्या जागी राहिला. अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ जेवढं मोठं तेवढा अर्क प्रभावी. पेपरात मुळापुढे २१ मिमी आहे, वहीत तो पानांचा आकडा आहे. मुळाचा १४. हे कमी की काय म्हणून आकृती ३ मोठी करून पाहिली. बी आणि डी या प्लेट दोन वेगळ्या जिवाणूंच्या म्हणून छापल्यात, पण डी म्हणजे बीच काटकोनात फिरवलेली. परत फिरवून ताडली तर आगारमधला (जिवाणू वाढवतात त्या जेलीतला) बुडबुडा दोन्हीकडे त्याच जागी आहे. फोटो सीनियरने दिले होते, तो आता परदेशात पोस्टडॉक करतो. सरांना सांगितलं तर म्हणाले, 'थिसिसमध्ये बरोबर आकडे टाक, पेपरला हात लावू नकोस. कोण बघतंय? रिट्रॅक्शन झालं, पेपर मागे घेतला गेला, तर आयुष्यभराचा डाग लागेल.' घरचेही तेच म्हणतात. पेपरला अकरा सायटेशन आहेत, म्हणजे इतरांच्या अकरा पेपरांत त्याचा संदर्भ आहे. मी काय करू? कृपया नाव छापू नये."

एक बरं आहे, तुमच्याकडे वही आहे. अशी पत्रं येतात तेव्हा बऱ्याचदा वहीच हरवलेली असते.

तुम्ही दोन गोष्टी एका दमात लिहिल्यात आणि तुमची निम्मी भीती त्या एकत्र बांधल्यामुळे आहे. कॉलम सरकला ही तुमची चूक, आणि ती चूकच आहे. प्लेट फिरली ही कोणाची चूक, की मुळात चूकच नव्हे, हे आज ना तुम्हाला ठाऊक ना मला. पहिलीचा छडा तुम्ही आठ दिवसांत स्वतः लावू शकता. दुसरीचा निवाडा करणं तुमचं कामच नाही.

आधी कॉलम. एक्सेलमध्ये एकच रकाना निवडून सॉर्ट म्हटलं की मध्ये एक चौकट येते, शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का म्हणून विचारते. रात्री अकरा वाजता, उद्या सकाळचं लेक्चर डोक्यात असताना, माणूस त्या चौकटीला काहीही उत्तर देऊन मोकळा होतो. जेफ्री चँग हे नाव ऐकलंय का? अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतला प्रथिनांच्या रचना उलगडणारा नावाजलेला माणूस. त्याच्या प्रयोगशाळेत आकडेमोडीसाठी एक घरगुती प्रोग्रॅम वापरत. त्या प्रोग्रॅमने आकड्यांचे दोन रकाने एकमेकांच्या जागी नेऊन ठेवले. एवढंच झालं, आणि प्रथिनाची अख्खी रचना आरशात पाहिल्यासारखी उलटी निघाली. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका गटाने तशाच एका प्रथिनाची रचना छापली, ती याच्या रचनेशी जुळेना, तेव्हा शोधाशोध झाली. पाच निबंध मागे घ्यावे लागले, त्यांतले तीन 'सायन्स' या नामांकित नियतकालिकातले. चँगने कारण सरळ लिहून टाकलं: रकाने उलटले. त्याचं काम बंद पडलं नाही. पण त्याआधीची काही वर्षं ज्यांच्या हाती वेगळे निकाल येत होते त्यांना आपलं म्हणणं गळी उतरवताना नाकी नऊ आले, कारण समोर 'सायन्स'मधली रचना होती. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तर आठ दिवसांचं काम असं. मूळ शीटला हात लावू नका, तिची प्रत काढा. वहीतलं प्रत्येक रीडिंग तारखेसकट नव्या शीटमध्ये हाताने भरा. मग एक साधा तक्ता करा: पेपरात छापलेला आकडा, वहीतला आकडा, फरक. सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन पुन्हा काढा, ज्या ज्या वाक्यात ते आकडे आलेत ती वाक्यं खूण करून ठेवा, ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांशसुद्धा. वहीच्या त्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा, म्हणजे तारीख लागते. हे होईपर्यंत जर्नलला एक ओळही लिहू नका. "बहुतेक काहीतरी चुकलंय" अशा पत्राचं संपादक काहीच करू शकत नाही.

आता डाग.

सरांची भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये २,०४७ मागे घेतलेल्या जीववैद्यकीय निबंधांची छाननी छापून आली होती. त्यांतले ६७ टक्क्यांहून थोडे अधिक गैरवर्तनामुळे गेलेले, साध्या चुकीने गेलेले जेमतेम २१ टक्के. म्हणजे रिट्रॅक्शन हा शब्द ऐकून लोकांच्या कपाळाला आठी पडते ती उगाच नाही. त्यात २०२३ साली जगभरात एका वर्षात १०,००० हून जास्त निबंध मागे घेतले गेले, त्यांतले ८,००० च्या वर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. बनावट पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी करायची तपासणी), पेपर कारखान्यातून विकत आलेले निबंध, सगळा एकगठ्ठा कचरा. त्या ढिगाऱ्याशेजारी तुमची ती एकटी एक्सेल शीट नेऊन ठेवायची आणि दोघांना एकच शब्द लावायचा, ही या व्यवस्थेतली खरी अडचण आहे. वेगळा शब्द असायला हवा होता. नाही. म्हणून नोटिशीत कारण काय छापून येतं याला एवढं महत्त्व. ते कारण कोणी आधी आणि कशा शब्दांत लिहिलं यावर बरंच ठरतं.

फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये त्यांच्या गटाचा एन्झाइमवरचा एक निबंध 'सायन्स'मध्ये आला. काम पुन्हा करून पाहिलं तर जमेना. वही उघडली तर कळीच्या प्रयोगांच्या नोंदी आणि रॉ डेटा गायब. जानेवारी २०२० च्या पहिल्या दोन दिवसांतच बाईंनी निबंध मागे घेतल्याचं स्वतः ट्विटरवर जाहीर केलं, आणि वर हेही लिहिलं की निबंध पाठवला तेव्हा मी जरा कामात होते, माझं काम मी नीट केलं नाही. नोबेलवाल्या बाईला परवडतं, सीएचबीवालीला परवडतं का, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की निबंध मागे घेतला गेला की त्या लेखकांच्या आधीच्या कामाची सायटेशनही घसरतात. पण चूक लेखकांनी स्वतःहून कळवली असेल तर ती घसरण दिसत नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय होईल याची हमी कोणताही अभ्यास देणार नाही. मीही देत नाही.

माझ्या नावावर एक शुद्धिपत्र आहे. नव्वदच्या दशकात एका निबंधात मी मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम लिहिलं, म्हणजे मात्रा एकदम हजारपट. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका लेक्चररने आंतरदेशीय पत्रावर विचारलं, "एवढं औषध घातल्यावर तुमचे जिवाणू जगले कसे?" मी तीन रात्री झोपले नाही. शेवटी शुद्धिपत्र छापून आलं ते संस्थेच्या वार्षिक सभेच्या सूचनेखाली, चार ओळी. तीस वर्षांत मला त्याबद्दल कोणीही विचारलं नाही, आत्ता मीच तुम्हाला सांगते आहे.

पण तुमचं प्रकरण चार ओळींच्या शुद्धिपत्रावर भागेल असं मला वाटत नाही. हे आताच सांगितलेलं बरं.

जर्नलच्या हातात साधारण तीन गोष्टी असतात. किरकोळ चूक, निष्कर्षाला धक्का नाही, तर शुद्धिपत्र. निष्कर्षावरच भरवसा ठेवता येत नाही, मग ते प्रामाणिक चुकीने असो की लबाडीने, तर निबंध मागे. आणि संशय दाट आहे पण चौकशी लांबली आहे किंवा पुरावा अपुरा आहे, तर वाचकांना सावध करणारी सूचना, तिला एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न म्हणतात. ही विभागणी कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्सची. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी ती सुरू केली, लघुनाम कोप. नाव कोप असलं तरी ती कोणावर कोपत नाही. ती सभासद संपादकांना वाट दाखवते, लेखकाला शिक्षा देत नाही. निबंध मागे घेण्याचा हेतू नोंद दुरुस्त करणं हा आहे, लेखकाला शासन करणं नव्हे, असं तिच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलेलं आहे. हे वाक्य छापून सरांच्या टेबलावर ठेवता आलं तर ठेवा.

तुमच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्येच मूळ वरचढ लिहिलंय आणि वही सांगते पान वरचढ. म्हणजे निष्कर्ष उलटा झाला. त्यात आकृती ३ डळमळीत. मी संपादक असते तर निबंध मागे घेऊन, आकडे सुधारून, नव्याने पाठवा म्हटलं असतं. काही नियतकालिकं जुना मागे घेऊन त्याच्या जागी सुधारलेला छापतात, अमेरिकेतल्या जामा समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकांनी हे केलेलं आहे. तुमच्या जर्नलला विचारून पाहा, फार तर नाही म्हणतील. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकते: मागे घेतलेला निबंध नाहीसा होत नाही. तो तिथेच राहतो, प्रत्येक पानावर ठळक शिक्का बसतो, आणि शेजारी कोणी, का मागे घेतला याची नोटीस. ती नोटीस सर्वांना मोफत वाचता यायला हवी अशी अपेक्षा आहे. कारणाची जागा कोरी राहिली की लोक आपापल्या मनाने भरतात, म्हणून ती तुम्ही भरा.

प्लेटकडे येते.

बुडबुडा दोन्हीकडे त्याच जागी आहे, एवढं तुम्हाला दिसलं. त्यावरून सीनियरने फसवलं असं म्हणू नका, मनातही नको आणि मेलमध्ये तर नकोच नको. फोल्डरमध्ये एकाच प्लेटचे चार फोटो असतात, नावं देताना गफलत होते, एक फोटो मोबाइल आडवा धरून काढलेला असतो, तो दुसऱ्या जिवाणूच्या नावाने सेव्ह होतो. हे होतं. मुद्दाम फिरवलेलंही असू शकतं. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून त्याला असं काहीतरी लिहा:

"दादा, आकृती ३ पुन्हा तपासताना बी आणि डी या प्लेट एकच वाटताहेत. दोन्ही शेजारी ठेवून जोडल्या आहेत, डी ९० अंशात फिरवून. तुझ्याकडे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल असतील तर त्या दिवसाचं अख्खं फोल्डर पाठवशील का? नसतील तर नाहीत एवढं कळव. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर आलं तर बरं, थिसिसचं काम त्यावर अडलंय."

अख्खं फोल्डर मागा, एक फोटो नव्हे. मूळ फाइलमध्ये तारीख-वेळ असते आणि खरी डी प्लेट त्याच दिवशी काढलेली असेल तर मागेपुढेच सापडते. सापडली तर आकृतीचा प्रश्न मिटला. नाही सापडली, उत्तर आलं नाही, किंवा तो चिडला, तर जे घडलं ते तसंच टिपून ठेवा. तो का चिडला याचा अर्थ लावत बसू नका.

कोण बघतंय, असं सर म्हणतात. हल्ली लोक हेच बघतात. एलिझाबेथ बिक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत २०,६२१ निबंधांतली चित्रं नुसत्या डोळ्यांनी तपासली, २०१६ मध्ये ते छापून आलं, ३.८ टक्के निबंधांत तीच तीच चित्रं वापरलेली सापडली, आणि त्यांतली निम्मी तरी मुद्दाम केल्यासारखी दिसत होती. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आहेत, आणि छापलेल्या निबंधांवर चर्चा करणाऱ्या पबपीअर या संकेतस्थळावर कोणीही निनावी टिपण टाकू शकतो. गंमत म्हणजे आपल्याकडे कॉलेजात रिसर्च एथिक्स म्हटलं की सिमिलॅरिटी रिपोर्टवर, म्हणजे मजकूर इतरांच्या मजकुराशी किती टक्के जुळतो यावर, गाडी थांबते. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम आहे तोच मुळी वाङ्मयचौर्याबद्दल: १० टक्क्यांपर्यंत माफ, मग १० ते ४०, ४० ते ६०, ६० च्या वर, अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला शिक्षा. प्लेट फिरवली तर सिमिलॅरिटी शून्य टक्के येते. आकडे मनाने लिहिले तरी शून्यच. किंबहुना मनाने लिहिलेले आकडे सगळ्यांत ओरिजिनल.

सहलेखकाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्या पत्रात आहे. "फोटो त्याने दिले होते" हे वाक्य खरं असलं तरी ढाल म्हणून चालत नाही. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या व्ही. जे. गुप्ता यांचं हिमालयातल्या जीवाश्मांचं प्रकरण भूगर्भशास्त्रातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. १९८९ मध्ये जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की हिमालयात सापडले म्हणून छापलेले जीवाश्म मोरोक्कोसारख्या भलत्याच ठिकाणचे असावेत. गुप्तांच्या निबंधांवर देशी-परदेशी सहलेखकांची मोठी यादी होती. जीवाश्म ओळखण्याचं आपलं काम त्यांतल्या अनेकांनी चोख केलं होतं. तो दगड कुठून उचलला हे पाहायला त्या डोंगरावर मात्र कोणी गेलं नव्हतं. तुम्ही आज दोन वर्षं उशिरा का होईना, डोंगरावर गेलात.

आता सर. तुम्हाला सगळ्यांत जड हेच आहे, हे मला कळतं. थिसिसवर त्यांची सही लागते, शिफारसपत्र त्यांचं लागतं, आणि तुम्हाला अजून परमनंट नोकरी नाही. म्हणून त्यांच्याकडे तत्त्वं घेऊन जाऊ नका, अडचण घेऊन जा. आणि अडचण खरीच आहे, त्यांनाही आहे. त्यांनी सुचवलेला मार्ग पाहा: थिसिसमध्ये बरोबर आकडे, पेपरात चुकीचे. थिसिस शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात, चढणार. पेपर त्याच थिसिसला मागे जोडलेला असणार. म्हणजे एकाच बांधणीत, एकाच मुलीच्या नावावर, त्याच प्रयोगाचे दोन उलटे निकाल. बाहेरचा परीक्षक व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोन्ही पानं शेजारी धरील, आणि तेव्हा खुर्चीत सरही बसलेले असतील. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ही मूठ तुम्हीच थिसिस छापून उघडणार आहात. हे त्यांना शांतपणे, तक्ता समोर ठेवून सांगा. बहुतेक गाइड इथे वळतात.

तुमच्या मनात अशीही भीती असेल की पेपर गेला तर पीएचडीच अडकेल. २०१६ च्या यूजीसी नियमांत थिसिसआधी एक शोधनिबंध प्रकाशित असणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांतून ती सक्ती काढली. पण विद्यापीठं आपापले नियम ठेवतात आणि तुमची नोंदणी कोणत्या नियमांखाली झाली यावरही अवलंबून आहे. पीएचडी विभागात जाऊन लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. आणि थिसिसच्या त्या कोष्टकाखाली टीप टाकाच: हे आकडे प्रकाशित निबंधातल्या आकड्यांपेक्षा वेगळे आहेत, कारण त्या निबंधात नमुन्यांची नावं आणि नोंदी यांची सांगड चुकली होती, जर्नलला अमुक तारखेला कळवलं आहे.

सरांशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाका. "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे तक्ता जोडत आहे. संपादकांना लिहायच्या पत्राचा मसुदाही जोडला आहे, आपण करस्पॉन्डिंग ऑथर असल्याने आपल्याकडून जावं अशी विनंती." त्यात तक्रारीचा एकही शब्द नको. पत्र त्यांच्या नावाने गेलं तर सगळ्यांत उत्तम, आणि गुरूचं मोठेपणही राहतं. तीन आठवडे वाट पाहा, मध्ये एकदा आठवण करा. तरी हललं नाही, तर तुम्ही स्वतः लिहू शकता. करस्पॉन्डिंग नसलेल्या लेखकाने संपादकाला लिहू नये असा कुठेही नियम नाही. तुम्ही पहिल्या लेखिका आहात आणि चूक तुमच्या हातची आहे, तुमच्याइतका अधिकार कोणाला? सर आणि सीनियर या दोघांना मेलमध्ये सीसी ठेवा, पाठीमागून नको. सगळे लेखक सहमत नसले तरी संपादकाला निबंध मागे घेता येतो. मग कोण असहमत आहे ते नोटिशीत नमूद करतात. 'सायन्स'ने जिवाणू आर्सेनिकवर जगतो असा दावा करणारा २०१० मधला गाजलेला निबंध जुलै २०२५ मध्ये मागे घेतला तो लेखकांचा विरोध असतानाच, आणि लबाडीचा ठपका न ठेवता.

संस्थेकडे, म्हणजे विद्यापीठाच्या समितीकडे, जायचं का? कॉलमसाठी गरज नाही. प्लेटसाठी, मूळ फाइल मिळाली नाही तर संपादकच बहुधा संस्थेला लिहितील, कारण कोणी काय आणि का केलं याची चौकशी करणं संस्थेचं काम, जर्नलचं नव्हे. फार अपेक्षा ठेवू नका एवढंच सांगते. २०२५ पासून एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या, क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांचे गुण कापले जाऊ लागलेत. हेतू चांगला आहे, पण स्वतःहून मागे घेतलेला निबंध आणि पकडला गेलेला निबंध यांना एकाच मापाने मोजलं तर कोणत्या प्राचार्यांना प्रामाणिक मास्तर आवडेल ते तुम्हीच सांगा.

मी सहा वर्षं एका छोट्या नियतकालिकाची संपादक होते. आरोपांची पत्रं यायची, चार-चार पानी, अमक्याने माझ्यावर कसा अन्याय केला, तमका कसा चोर आहे. ती कपाटात जायची, खोटं कशाला सांगू. एकदा एक पत्र आलं त्यात दोन चित्रं शेजारी चिकटवलेली, खाली तीन ओळी, बाणाने दाखवलेला एक ओरखडा. त्याच दिवशी कामाला लागलो. तेव्हा तुमचं पत्र एक पानाचं ठेवा. निबंधाचं नाव, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक). कोष्टक कोणतं, छापलेला आकडा, वहीतला आकडा, चूक कशी झाली एका वाक्यात. निष्कर्षावर परिणाम: मूळ नव्हे, पान. आकृती ३ बी आणि डी एकच दिसतात, मूळ फाइल मागितल्या आहेत, मिळाल्या किंवा मिळाल्या नाहीत. आम्ही निबंध मागे घेण्यास तयार आहोत, सुधारित रूपात पुन्हा सादर करू इच्छितो. वहीच्या पानांचे फोटो सोबत. विशेषणं, दिलगिरीचे परिच्छेद, सरांची तब्येत, काही नको.

मग वाट पाहावी लागेल. तुमच्या जर्नलचे संपादक बहुधा दिवसभर शिकवून रात्री मेल बघणारे असतील. मोठ्यांचंही काही खरं नसतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२० मध्ये कोविड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा निबंध २२ मे रोजी छापला आणि ४ जून रोजी मागे घेतला, तेरा दिवसांत. त्याच 'लॅन्सेट'ला वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवरचा १९९८ मधला निबंध पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडलं. तुम्ही महिन्याला एक आठवण मेल टाका, आधीच्या मेलवरच रिप्लाय करून, म्हणजे सगळा माग एका जागी राहतो.

घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. "मी आधी सांगितलं" आणि "माझं सापडलं" यांतला फरक त्यांना कळेल, त्यांनी दुकान चालवलं असेल तर लगेच कळेल.

राहिली ती अकरा सायटेशन. ती उघडून वाचा, सगळी. आठ-नऊ जणांनी तुमचं नाव प्रस्तावनेत इतर वीस नावांबरोबर टाकलेलं असेल, त्यांना नंतर नोटिशीची लिंक पाठवली तरी पुरे. पण एखाद्याने तुमच्या निष्कर्षावर पुढचं काम उभं केलं असेल. चँगच्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते याच्यासाठी. त्याला जर्नलच्या उत्तराची वाट न बघता, तक्ता तयार झाला की त्याच आठवड्यात लिहा. वनस्पतीचं नाव मी छापण्यातून गाळलं आहे, पण तुम्ही पत्रात लिहिलं होतं, आणि ती मी सह्याद्रीत पाहिलेली आहे, कातळाच्या कडेने इथे एक तिथे एक अशी येते. पान खुडलं तर पुन्हा फुटतं. मूळ हवं असेल तर झाड उपटावं लागतं, आणि तुमचा पेपर दोन वर्षं लोकांना मूळ घ्या म्हणून सांगतो आहे.